किटकॅट खिशात

नारायणगडाचं नाव बीड जिल्ह्याबाहेर बहुतेकांनी ऐकलं ते २०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरच्या मेळाव्यामुळं. आम्हाला तो लहानपणापासून धाकटी पंढरी म्हणून माहीत. नगद नारायण महाराजांचं ठिकाण. आषाढीला ज्याला पंढरपूर गाठणं जमत नाही, तो गडावर येऊन माथा टेकवतो. गडाखालच्या शिवारात आमची थोडी जमीन आहे, एक विहीर आहे आणि विहिरीत एक पाणबुडी मोटार. मी पुण्यात यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहितो. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्याच्याशी माझी रोजची झटापट.

गेल्या दिवाळीत मोटार वर काढायची होती. लाईट गेलेलीच होती, तरी मी शिस्तीत स्टार्टरचं लाल बटण दाबलं आणि केबलचे नट ढिले करायला पाना हातात घेतला. बांधावरून तात्या, म्हणजे माझे चुलते, ओरडले, "आरं, लाल बटनाचा काय भरवसा? किटकॅट काढ आन् खिशात घाल."

"तात्या, लाईटच नाही."

"नाही म्हणूनच सांगतोय. आल्यावर काय तुला इचारून येती का?"

मी पेटीतले चिनीमातीचे तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसले आणि पँटच्या खिशात टाकले. वीसेक मिनिटांनी लाईट आली. आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एका दमात घुरघुरायला लागल्या. आमची पेटी गप्प. पेटीत 'ऑटो' बसवलेला आहे. लाईट आली की थोडा वेळ मोजून तो आपणहून स्टार्टर ओढतो. रात्री दोनला लाईट येणार असेल तर कोण उठून विहिरीवर जाणार, म्हणून घरोघरी हा ऑटो. लाल बटणानं मोटार थांबते, ऑटोचं काम थांबत नाही. किटकॅट खिशात गेले तेव्हा ते थांबलं.

कर्नलवाल्यांना हाच धडा पक्का व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. तो धडा फक्त संगणकवाल्यांच्या कामाचा नाही असं मला वाटतं, म्हणून हे मुद्दे.

१. आधी टायमर म्हणजे काय ते. हातातला मोबाईल, एसटीच्या कंडक्टरकडचं अँड्रॉइडवर चालणारं तिकीट मशीन, चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, या बहुतेकांच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. लायनस टॉरवल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली तो सुरू केला, आज जगभरातले हजारो लोक तो लिहितात. कर्नलमध्ये प्रत्येक उपकरणासाठी एक ड्रायव्हर असतो, आणि जवळपास प्रत्येक ड्रायव्हरला कधी ना कधी म्हणावं लागतं, 'इतक्या वेळानं मला हाक मार.' ब्लूटूथच्या चिपला जागं होण्याचा निरोप धाडला आणि ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, तर पुन्हा निरोप धाडायचा. ही 'ठरल्या वेळानं मार हाक' म्हणजे टायमर. त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कधी हाक मारायची आणि कुठलं काम करायचं. कर्नल स्वतःचा वेळ छोट्या ठोक्यांत मोजतो. पुष्कळ संगणकांवर सेकंदाला २५० ठोके, म्हणजे ४ मिलिसेकंदाला एक. दर ठोक्याला वेळ भरलेले टायमर शोधले जातात आणि त्यांची कामं उरकली जातात.

टायमर लावणं सोपं आहे, पोरही लावील. अडचण काढताना येते.

२. काढताना तीन वेगवेगळी कामं करावी लागतात, आणि वर्षानुवर्षं लोक त्यातलं एक किंवा फार तर दोन करून हात झटकत आले.

पहिलं काम म्हणजे यादीतून नाव काढणं. त्यासाठी डेल टायमर नावाची सोय होती. हे आपलं लाल बटण. पण आजच्या संगणकाला चार-आठ कोअर असतात. या कोअरवर तुम्ही नाव काढताय, त्याच क्षणी त्या कोअरवर टायमरचं काम सुरू झालेलं असू शकतं. नाव काढल्यानं ते अर्ध्यात थांबत नाही.

दुसरं काम, सुरू झालेलं संपेपर्यंत वाट पाहणं. त्यासाठी डेल टायमर सिंक. ही सोय शहाण्यासारखी वागते. दुसऱ्या कोअरवर काम चालू असेल तर ते उरकेपर्यंत थांबते, मगच परत येते. पुष्कळांना वाटलं, झालं काम. माझाही अनेक वर्षं तोच समज होता.

तिसरं काम, पुन्हा लागू न देणं. सिंकनं वाट पाहिली, टायमर निपचित पडला, आणि पुढच्याच क्षणी ड्रायव्हरच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या कुणीतरी तो परत लावला. सिंकला याचा पत्ताच नाही, ती केव्हाच आपलं काम संपवून निघून गेली. आता ड्रायव्हर म्हणतो की उपकरण काढलं, त्याची मेमरी कर्नलला परत केली. टायमर त्याच मेमरीत बसलेला होता. मेमरी दुसऱ्याला दिली गेली, पण टायमरांच्या यादीत जुना पत्ता तसाच राहिला. वेळ भरली की कर्नल त्या पत्त्यावर जातो, आणि तिथं आता भलत्याचाच संसार.

३. यात एक अन्याय आहे, तो थोडा उलगडून सांगतो. अशा वेळी कोसळतो कोण? ज्यानं चूक केली तो ड्रायव्हर केव्हाच निघून गेलेला असतो. टायमर एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात, त्यातली एक कडी कुजली की पुढं कुठलातरी निरपराध टायमर साखळीला हात लावतो आणि अख्खी यंत्रणा तिथं आडवी होते. अहवालात नाव त्या निरपराधाचं. शेजाऱ्यानं आकडा टाकावा आणि पंचनामा तुमच्या खांबाखाली व्हावा, तसं. स्टीव्हन रोस्टेड्ट हे कर्नलमधलं जुनं नाव. २०२२ च्या वसंतात ते अशाच कोसळण्यांच्या मागे लागले होते. टायमरांची यादी बिघडलेली दिसते, पण ती बिघडवली कुणी ते दिसत नाही. संशय एका ब्लूटूथ ड्रायव्हरवर गेला. क्वालकॉमच्या चिपचा तो ड्रायव्हर मेमरी परत करण्याआधी नुसतं डेल टायमर वापरत होता. म्हणजे लाल बटण दाबून मोटार विकून टाकलेली.

दुरुस्ती सोपी वाटली: डेल टायमरच्या जागी डेल टायमर सिंक. शिवाय कुणीतरी लक्षात आणून दिलं की हा टायमर ड्रायव्हरच्या कामाच्या रांगेतूनही पुन्हा लागतो, म्हणून ती रांग आधी मोडायची आणि मग टायमर काढायचा असा क्रम लावला. दुरुस्ती मंजूर झाली, कर्नलमध्ये गेली.

आणि ती चुकीची निघाली.

४. का चुकली हे नीट कळलं तर हा लेख वाचल्याचं सार्थक झालं म्हणायचं, म्हणून इथं जरा थांबतो. त्या ड्रायव्हरमध्ये दोघं एकमेकांना उठवत होते. टायमरची वेळ भरली की तो रांगेत एक काम टाकायचा, आणि रांगेतलं काम चाललं की ते टायमर परत लावायचं. रात्रीच्या पाण्याला दोन भाऊ शेतात गेले, एक झोपला तर दुसरा त्याला हलवून उठवणार, दुसरा झोपला तर पहिला. दोघांनाही झोपवायचं आहे. कुणाला आधी झोपवाल? पहिल्याला झोपवलं तर दुसरा उठवतो, दुसऱ्याला झोपवलं तर पहिला. क्रम कुठलाही लावा, फट राहतेच. रांग आधी मोडली तर अजून जिवंत असलेला टायमर मोडलेल्या रांगेत काम टाकायला जातो. टायमर आधी काढला तर रांगेतलं शेवटचं काम तो परत लावतं.

थॉमस ग्लाइक्सनर हे जर्मन गृहस्थ कर्नलमधल्या काळ-वेळेच्या कारभाराचे मुख्य राखणदार. चर्चेत त्यांनीच दाखवून दिलं की वसंतातल्या दुरुस्तीनं स्फोट होण्याची शक्यता कमी झाली, संपली नाही. त्यांनी आणि रोस्टेड्टनी मग मूळ गोष्टीलाच हात घातला. टायमर शटडाउन सिंक नावाची नवी सोय आली. ती तिन्ही कामं एकदम करते: यादीतून नाव काढते, चालू काम संपेपर्यंत वाट पाहते, आणि जाता जाता टायमरमधलं 'कुठलं काम करायचं' हे घर रिकामं करून ठेवते. त्यानंतर कुणी तो टायमर लावायला गेलं तर कर्नल ते घर पाहतो, रिकामं दिसलं की विनंती गुपचूप सोडून देतो. आता टायमर आधी काढा, मग रांग मोडा. रांगेतलं शेवटचं काम टायमर लावायला गेलं तरी काही घडत नाही. पेटी आहे, बटण आहे, ऑटोही आहे, पण किटकॅट खिशात.

हे सारं डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये गेलं. ज्या जागी टायमर काढल्यावर लगेच मेमरी परत केली जात होती अशा सरळसोट जागा हुडकायला कोड शोधून बदलणारं एक हत्यार वापरलं, आणि नाताळच्या दिवशी ६.२ ची पहिली चाचणी आवृत्ती निघाली तेव्हा देशोदेशीचे पुष्कळ ड्रायव्हर एका फटक्यात बदललेले होते. पक्की ६.२ आवृत्ती फेब्रुवारी २०२३ ची.

५. 'गुपचूप सोडून देतो' यावर काहींचा आक्षेप असतो. कुणी मेलेला टायमर लावायला गेलं तर आरडाओरडा व्हायला नको का, नाहीतर चूक झाकली जाईल? आक्षेप चुकीचा नाही, पण माझा कौल ग्लाइक्सनरच्या बाजूनं. उपकरण बंद होताना चार ठिकाणची कामं एकदम उरकत असतात, त्यातल्या कुणी उशिरा एक विनंती केली तर तो गुन्हा नव्हे, आवराआवरीतला नेहमीचा गोंधळ आहे. प्रत्येक ड्रायव्हरनं आपापल्या घरी 'आपण बंद होतोय का' असा झेंडा लावून दर वेळी तपासायचं म्हटलं, तर कुठं ना कुठं कुणीतरी विसरणारच. विसरलं तरी जीव जाणार नाही अशी सोय मधोमध एकदाच केलेली बरी. तात्यांनी घरातल्या प्रत्येकाला 'आज मोटारीला हात लावू नका' असा निरोप धाडला नाही. तीन किटकॅट काढायला लावले.

मात्र एक पथ्य. तात्पुरतं थांबवायचं असेल, फोन झोपतोय आणि तासाभरानं उठणार आहे, तर शटडाउन वापरायचं नाही. घर रिकामं केलेला टायमर नव्यानं मांडल्याशिवाय लागत नाही, आणि कुणी ओरडणारही नाही. मग दिवसभर बसायचं, हाक का येत नाही म्हणून डोकं खाजवत. थांबवणं आणि मोडून टाकणं यांना वेगळे शब्द हवेत. एप्रिल २०२५ मध्ये कर्नलवाल्यांनी नावांचीही साफसफाई केली, जुनी डेल टायमरची नावं जाऊन टायमर डिलीट आली, शेजारी टायमर शटडाउन. नावातच फरक दिसायला लागला.

६. आणखी एक सापळा, थोडक्यात. तुम्ही एका खोलीला आतून कडी लावून बसलात आणि म्हणालात, 'त्याचं काम संपेपर्यंत मी इथून हलणार नाही.' त्याचं काम संपायला त्याला त्याच खोलीत यायचं आहे. दोघंही थांबले, कायमचे. कर्नलमध्ये याला डेडलॉक म्हणतात, आणि सिंकवाली कुठलीही सोय कुलूप हातात धरून वापरली तर तो होऊ शकतो. कुलूप आधी सोडायचं, मग वाट पाहायची. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी दोन टेबलांमध्ये अडकलेल्याला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

७. आता शिवारात येतो. लाईनमनांच्या कामाची रीत पाहिलीत तर शटडाउनचे सगळे नियम तिथं आधीपासून आहेत. खांबावर चढायचं तर उपकेंद्रातून परमिट घ्यावं लागतं. परमिट परत येईपर्यंत उपकेंद्रातल्या माणसानं लाईन चालू करायची नाही. लाईन बंद केल्यावर ती खरंच मेली का ते तपासायचं, आणि तारांना अर्थिंग करून मगच हात लावायचा. अर्थिंग कशाला, उपकेंद्रातून तर बंद केलंय? कारण वीज दुसऱ्या वाटेनंही येते. कुणाच्या घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा तारेत वीज सोडतो. कर्नलच्या भाषेत, टायमर परत लावणारा माणूस तुमच्या नजरेबाहेर कुठंतरी बसलेला असतो. ही रीत कागदावर चांगली आहे. घाईत, वर्दीविना, 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणत ती मोडली जाते तेव्हाच माणसं जातात. आपणही लाईनमनला 'परमिट कशाला, पटकन जोडून टाक की' असा आग्रह करतो. तो थांबवला पाहिजे, आणि घरच्या इन्व्हर्टर-जनरेटरच्या जोडणीत चेंजओव्हर स्विच आहे का ते प्रत्येकानं पाहून घेतलं पाहिजे.

८. ऑटोचा प्रश्न मात्र नुसता शिस्तीचा नाही. महावितरण वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगत आलंय की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. त्यांचं म्हणणं खरं आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. लाईट आल्या आल्या एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी जळते, मग ती बदलून मिळेपर्यंत उभं पीक माना टाकतं. दिवाळीत आमच्या शिवारात एका दमात झालेली घुरघुर मी ऐकली, तेव्हा मला डीपीचीच काळजी वाटली.

गंमत अशी की कर्नलमध्ये याच्या दोन्ही बाजू सापडतात. ज्या टायमरांना एखाद्या सेकंदाचा फरक चालतो त्यांना तो मुद्दाम एका क्षणाला आणून ठेवतो, म्हणजे प्रोसेसरला वारंवार उठावं लागत नाही, बॅटरी वाचते. पण तसं करताना दर कोअरला ती वेळ थोडी थोडी पुढं सरकवतो, म्हणजे सगळे कोअर एकाच क्षणी एकाच गोष्टीवर तुटून पडत नाहीत. दर कोअरला फक्त तीन ठोके, पण तेवढं पुरतं. तेच डीपीला हवंय. बाजारातले बरेच ऑटो वेळ मोजतात, पण कारखान्यातून येतानाची वेळ तशीच ठेवून बसवले जातात, म्हणून सगळे एकदम उठतात. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवलं की तुझा एक मिनिटानं, माझा दोन, त्याचा तीन, तर याला खर्च शून्य येतो. डीपीवरच्या वर्गणीच्या हिशोबाला आपण बसतोच, त्याच बैठकीत हेही लिहून काढता येईल.

पण खरं सांगायचं तर 'ऑटो काढा' हे आवाहन अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. शेतकऱ्यानं ऑटो आळसापोटी बसवला नाही. थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीलाही येते, बांधावर साप असतो, थंडीत बिबट्याची आवई उठते. दिवसा लाईट द्या, ऑटो आपोआप पेट्यांतून निघतील. तोवर ऑटो असणारच हे गृहीत धरून पेटी बनवली पाहिजे. ऑटोच्या आधी, वरच्या बाजूला, सहज हात पोचेल असा मेन स्विच आणि किटकॅट. स्टार्टरची रचना मुळात सुरक्षितच आहे. लाईट गेली की त्याची कॉइल सुटते, आणि कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. आपण त्या सुरक्षिततेवर ऑटो बसवून ती काढून घेतली, मग निदान वर एक कुलूप तरी ठेवलं पाहिजे. काही पेट्यांत पैसे वाचवायला किटकॅटच्या जागी नुसती तार पिळलेली असते. ती तार खिशात घालता येत नाही.

९. आता सार्वजनिक पैशातून येणारी यंत्रं. गावोगाव ग्रामपंचायती सीसीटीव्ही घेतात, यात्रेच्या गर्दीसाठी, चौकासाठी, शाळेसाठी. चित्रण साठवणाऱ्या त्या डब्यात बहुधा लिनक्सच असतो, आणि बहुधा तो कारखान्यातून निघाला त्या दिवशीचाच राहतो. २०१६ साली मिराय नावाच्या विषाणूनं जगभरातले असे कॅमेरे आणि डबे ताब्यात घेतले होते. त्यात टायमरचा दोष नव्हता, कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवल्याचा होता. पण मूळ रोग एकच: यंत्र भिंतीला टांगलं की ते कुणाच्या खात्यावर नसतं.

टायमरच्या चुकीनं कॅमेऱ्याचा डबा आठवड्यातून एकदा अडकला तर आपण काय करतो? प्लग काढून परत लावतो. 'हँग झालं होतं, आता चालू झालं.' असं चालू करून वर्षं काढलेला एक डबा मी स्वतः पाहिलाय. ज्या रात्रीचं चित्रण हवं होतं, नेमकी ती रात्र त्यात नव्हती. डब्यातला कर्नल पाहिला तर दुरुस्त्या थांबून वर्षं झालेल्या आवृत्तीचा. कर्नलची एखादी आवृत्ती दीर्घ मुदतीची म्हणून जाहीर होते तेव्हा तिची डागडुजी साधारण किमान दोन वर्षं होते, काहींची जास्त. आपण डबा घेतो तो दहा वर्षं चालवायच्या हिशोबानं. मधल्या वर्षांची जबाबदारी कुणाची, हे खरेदीच्या कागदात लिहिलेलं नसतं. मेगापिक्सेल किती आणि वॉरंटी किती हे मात्र ठळक.

तेव्हा मागणी साधी आहे. जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, यंत्रखरेदीच्या अटींत तीन ओळी वाढवा. आत कर्नल कोणता, त्याला दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, आणि दुरुस्ती बसवायची कुणी. विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर तेही उत्तरच आहे.

१०. शेवटी कॉलेजं. बीड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर इकडं शिकणारी पोरं ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय परीक्षेसाठी पाठ करतात. डेडलॉकच्या चार अटी लिहा, दहा गुण. मीही लिहिल्या, गुणही मिळाले. टायमर काढायला कुणी शिकवलं नाही. प्रयोगशाळेत दर वेळी यंत्र चालू करण्याचा प्रोग्रॅम लिहायचा, बंद करण्याचा कधीच नाही. कर्नलचा सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. आजही त्यात शेकडो ठिकाणी टायमर थांबवले जातात. वर्गातल्या प्रत्येकाला एक ड्रायव्हर द्या आणि विचारा: इथं थांबवणं तात्पुरतं आहे की कायमचं? टायमर परत कोण लावू शकतं, त्या सगळ्यांची नावं लिही. कुठलं कुलूप हातात आहे? मेमरी कधी परत जाते? या चार प्रश्नांची उत्तरं लिहिणारं पोरगं नोकरीच्या मुलाखतीत पुण्याच्या कुठल्याही पोराच्या मागं पडणार नाही. रोस्टेड्टचा पहिला धागाही एका बिघडलेल्या यादीपासूनच लागला होता, आणि त्यांची पहिली दुरुस्ती चुकली. चूक उघड्यावर झाली, दुरुस्तीही उघड्यावर झाली. आपल्याकडं जळालेल्या डीपीचा अहवाल कुणी असा उघडा वाचलाय का?

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. कॅमेऱ्यांचा किंवा कुठल्याही यंत्राचा ठराव वाचला गेला तर हात वर करा, वरच्या तीन ओळी मागा आणि उत्तर लेखी घ्या. आणि त्याआधी विहिरीवर जायचं काम निघालं, तर लाईट असो वा नसो, किटकॅट काढून खिशात ठेवा. काम संपवून घरी निघताना ते परत बसवायला विसरू नका. दिवाळीत मी विसरलो होतो. तिन्ही पुण्याला आले, आणि आमचा हरभरा दोन पाळ्या कोरडा राहिला.